सिसिलियन शिकायचे तर एक जिंकलेला डाव पुरता समजून घ्या

स्विस पद्धतीच्या सात फेऱ्यांच्या स्पर्धेत प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला काळ्या मोहऱ्यांचे तीन नाहीतर चार डाव येतात. अमरावतीची जिल्हा निवड चाचणी असो की अकोल्यातली खुली स्पर्धा, हे गणित बदलत नाही. तरी घरचा सराव पाहिला तर बहुतेक मुले पांढऱ्यांच्याच चाली घोकताना दिसतात. काळी मोहरी आली की चेहरा पडतो आणि बरोबरी मिळाली तरी पुरे, असे मनाशी ठरवूनच मूल पटावर बसते. अर्धा गुण तिथेच जातो. काळ्यांनी जिंकायचे असते, जिंकता येते आणि त्यासाठी वेगळी तयारी करावी लागते. ती कशी करावी, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

त्या तयारीचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे सिसिलियन बचाव. पांढऱ्याने राजासमोरचे प्यादे ई४ वर आणले की काळ्याने सी५ खेळायचे. सिसिली बेटावरचा धर्मगुरू पिएत्रो कारेरा याने १६१७ च्या आपल्या ग्रंथात या चालीचा विचार केला होता आणि बचावाचे नावही त्या बेटावरून आले. नावात ‘बचाव’ असला तरी वृत्ती बचावाची नाही. काळा पहिल्याच चालीत पांढऱ्याशी असलेला सारखेपणा मोडतो. पुढे पांढरा डी४ खेळतो, काळा सी प्याद्याने ते मारतो आणि पटाचा नकाशा ठरून जातो: काळ्याने कडेचे प्यादे देऊन मधले घेतलेले असते, त्याच्याकडे डी आणि ई ही दोन मधली प्यादी शाबूत असतात आणि सी ओळ त्याच्या हत्तीसाठी अर्धी मोकळी होते. मोबदल्यात पांढऱ्याची मोहरी लवकर बाहेर पडतात आणि राजाच्या बाजूने हल्ला करायला त्याला मोकळीक मिळते. एकाचा जोर एका बाजूला, दुसऱ्याचा दुसऱ्या बाजूला. म्हणून सिसिलियनमध्ये बरोबरीचे वारे कमी वाहतात.

आता शिकायचे कसे? इथे माझे मत स्पष्ट आहे आणि ते बऱ्याच वर्गांतल्या प्रथेच्या विरुद्ध जाते. मुलाला नायडॉर्फ, ड्रॅगन, शेवेनिंगेन अशी प्रकारांची यादी आणि प्रत्येकातल्या पंधरा-पंधरा चाली देऊ नका. आठव्या चालीला समोरचा मुलगा पुस्तकाबाहेर गेला की पाठांतर संपते आणि पुढे काय करायचे ते कळत नाही. त्याऐवजी काळ्याने सिसिलियनमध्ये जिंकलेला, खऱ्या स्पर्धेतला, एकच डाव घ्या आणि महिनाभर तो डाव सोडू नका. प्रत्येक चालीमागचे कारण मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. तालुक्याच्या गावी प्रशिक्षक नसला तरी हे करता येते. मोर्शी, अकोट किंवा मूर्तिजापूरच्या मुलाला त्यासाठी रोज शहर गाठावे लागत नाही. एक पट, एक वही आणि डाव एवढे पुरते.

मी सुचवतो तो डाव विश्वनाथन आनंदचा आहे. नेदरलँड्समधल्या विक आन झी या समुद्रकाठच्या गावी जानेवारी २००६ मध्ये कोरस स्पर्धेत तो खेळला गेला. पांढऱ्यांकडे सर्गेई कार्याकिन होता, नुकताच सोळा वर्षांचा झालेला. त्याने बाराव्या वर्षी ग्रँडमास्टर होऊन तेव्हाचा सर्वांत लहान वयाचा विक्रम केला होता आणि पुढे २०१६ मध्ये तो जगज्जेतेपदाच्या लढतीपर्यंत पोहोचला. म्हणजे समोर कच्चा खेळाडू नव्हता. त्या स्पर्धेत आनंद आणि वेसेलिन टोपालोव्ह यांनी १३ पैकी ९ गुणांनी पहिला क्रमांक वाटून घेतला.

पट मांडा आणि डाव लावून घ्या. मोहऱ्यांची आद्याक्षरे अशी: रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. अक्षर नसेल तिथे प्याद्याची चाल. × म्हणजे मारले, + म्हणजे शह, = म्हणजे प्याद्याची बढती. घो(बी) म्हणजे बी ओळीतला घोडा.

१. ई४ सी५ २. घो-एफ३ डी६ ३. डी४ सी×डी४ ४. घो×डी४ घो-एफ६ ५. घो-सी३ ए६ ६. उं-ई३ ई५ ७. घो-बी३ उं-ई६ ८. एफ३ उं-ई७ ९. व-डी२ छोटा किल्लेकोट १०. लांब किल्लेकोट घो(बी)-डी७ ११. जी४ बी५ १२. जी५ बी४ १३. घो-ई२ घो-ई८ १४. एफ४ ए५ १५. एफ५ ए४ १६. घो(बी)-डी४ ई×डी४ १७. घो×डी४ बी३ १८. रा-बी१ बी×सी२+ १९. घो×सी२ उं-बी३ २०. ए×बी३ ए×बी३ २१. घो-ए३ घो-ई५ २२. एच४ ह-ए५ २३. व-सी३ व-ए८ २४. उं-जी२ घो-सी७ २५. व×सी७ ह-सी८ २६. व×ई७ घो-सी४ २७. जी६ एच×जी६ २८. एफ×जी६ घो×ए३+ २९. बी×ए३ ह×ए३ ३०. जी×एफ७+ रा-एच७ ३१. एफ८=घो+ ह×एफ८ ३२. व×एफ८ ह-ए१+ ३३. रा-बी२ ह-ए२+ ३४. रा-सी३ व-ए५+ ३५. रा-डी३ व-बी५+ ३६. रा-डी४ ह-ए४+ ३७. रा-सी३ व-सी४+. कार्याकिनने डाव सोडला.

पहिल्या दिवशी नुसता डाव लावा आणि पाहा. विश्लेषण नको, संगणक तर नकोच. दुसऱ्या दिवसापासून काळ्याच्या चाली कागदाने झाकून ठेवा. पांढऱ्याची चाल लावायची, काळ्याची स्वतः शोधायची, वहीत लिहायची आणि मग कागद सरकवायचा. तुमची चाल वेगळी निघाली तर निराश होऊ नका. दोन चालींत फरक काय पडतो ते लिहा. खरे शिक्षण त्या फरकात आहे.

पहिल्या दहा चालींवर फार वेळ घालवू नका. पाचव्या चालीतला ए६ हा नायडॉर्फ प्रकार, पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि अर्जेंटिनात स्थायिक झालेल्या मिगेल नायडॉर्फच्या नावाचा. या छोट्या चालीने बी५ हे घर पांढऱ्याच्या घोड्याला आणि उंटाला बंद होते आणि पुढे बी प्यादे पुढे नेण्याची सोय होते. दहाव्या चालीनंतर मुद्द्याची गोष्ट अशी: काळ्याने राजाच्या बाजूला किल्लेकोट केला आहे, पांढऱ्याने वजिराच्या बाजूला. दोघांनीही आपल्या राजापुढची प्यादी हलवायची नाहीत आणि समोरच्याच्या राजावर प्यादी सोडायची, असा हा डाव आहे. यात सुंदर चालीपेक्षा वेळेवर आलेली चाल मोलाची असते.

बाराव्या चालीवर पहिल्यांदा थांबा. पांढऱ्याने जी५ खेळून एफ६ वरच्या घोड्यावर प्यादे आणले आहे. शंभरातली नव्वद मुले इथे घोडा उचलतील. आनंदने बी४ खेळून पांढऱ्याच्या सी३ वरच्या घोड्यावर प्यादे आणले. पांढऱ्याने घोडा मारला तर काळाही घोडा मारतो आणि मारणारे प्यादे सी३ वर बसून डी२ वरच्या वजिरालाच धमकी देते. म्हणून कार्याकिनला आपला घोडा आधी हलवावा लागला आणि मग आनंदनेही सवडीने आपला घोडा ई८ वर नेला. धमकीला धमकीने उत्तर दिले आणि तेवढ्यात काळ्याचे प्यादे फुकट एक पाऊल पुढे गेले.

पंधराव्या चालीवर नेमके हेच पुन्हा घडते, आणि म्हणूनच हा डाव शिकवायला इतका चांगला. पांढऱ्याने एफ४, एफ५ अशा दोन चालींत ई६ वरच्या उंटावर प्यादे आणले. काळ्याने त्याच दोन चालींत ए५, ए४ करून बी३ वरच्या घोड्यावर प्यादे आणले. उंट घेतला तर घोडा जातो, वर ए२ चे प्यादे धोक्यात येते आणि काळ्याचा ए८ वरचा हत्ती जागचा न हलता हल्ल्यात सामील होतो. मुलाला हे हिशोबाने करायला शिकवा. बाराव्या चालीपासून दोघांच्या चाली दोन रकान्यांत लिहा आणि प्रत्येकीपुढे खूण करा, ही चाल समोरच्याला उत्तर द्यायला भाग पाडते की नाही. ज्याच्या रकान्यात अशा खुणा जास्त, त्याचा हल्ला आधी पोहोचतो.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण ही कल्पना अर्धवट शिकली तर मुले मोहरी फुकट देत सुटतात. धमकीला धमकीने उत्तर देण्याआधी दोन प्रश्न विचारायचे. समोरचा माझे मोहरे शह देत मारतो का? तसे असेल तर मला माझे मोहरे मारायला वेळच मिळणार नाही. आणि मी जे मारणार ते किमतीने त्याच्या मोहऱ्याएवढे किंवा जास्त आहे का? बाराव्या आणि पंधराव्या दोन्ही चालींवर या प्रश्नांची उत्तरे काळ्याच्या बाजूची आहेत. तुमच्या डावात तशी नसतील तर मुकाट्याने मोहरे हलवा.

कार्याकिनने सोळाव्या चालीला घोडा डी४ वर दिला, काळ्याने तो घेतला, पांढऱ्याने दुसऱ्या घोड्याने प्यादे परत घेतले. आता ई६ वरच्या उंटावर प्यादे आणि घोडा असे दोघे टपलेले. काळ्याने तरी बी३ खेळले! आणि मग एकोणिसाव्या चालीला तोच उंट बी३ वर नेऊन बसवला, जिथे ए प्यादे त्याला सरळ मारते. ही चाल पाहून मुले हसतात, त्यांना वाटते छापायला चूक झाली. त्यांना मोहरी मोजायला लावा. काळ्याने आधी एक घोडा जास्त घेतला होता, आता एक उंट देतो आहे. विसाव्या चालीनंतर दोघांकडे वजीर, दोन हत्ती, तीन लहान मोहरी आणि पाच-पाच प्यादी उरतात. हिशोब बरोबरीचा. पण ए ओळ उघडली, पांढऱ्या राजासमोर बी३ वर काळे प्यादे रुतले आणि त्या प्याद्याने सी२ व ए२ ही दोन्ही घरे धरली. सी२ वरचा घोडा हल्ल्यात सापडला म्हणून तो ए३ वर गेला, तिथे बसून ए ओळ बुजवू लागला. पुढच्या सगळ्या डावाचा रोख त्या एका घोड्यावर आहे, हे मुलाला इथेच दाखवून द्या.

आनंदने घाई केली नाही. घोडा ई५ वर मध्यभागी आणला, हत्ती ए५ वर, त्यामागे वजीर ए८ वर. हत्ती पुढे आणि वजीर मागे, ही रचना लक्षात ठेवण्याजोगी आहे; मारामारीत आधी कमी किमतीचे मोहरे पुढे जाते. एकच अडचण उरली. एफ८ वरचा दुसरा हत्ती ई८ वरच्या घोड्यामुळे अडकला होता.

चोविसावी चाल, घोडा सी७. हे घर पांढऱ्या वजिराच्या थेट माऱ्यात आहे. घोडा सरळ देऊन टाकला! पण घोडा हलताच आठवी आडवी रांग मोकळी झाली आणि वजिराने घोडा खाल्ल्यावर हत्ती सी८ वर त्या वजिराच्याच अंगावर आला. वजिराने पळता पळता ई७ वरचा उंटही खाल्ला. सव्विसाव्या चालीवर पट थांबवा आणि मोजा: पांढऱ्याकडे दोन मोहरी जास्त आहेत. आणि डाव काळ्याचा आहे. घोडा सी४ वर आला, आता तो ए३ वरचा पहारेकरी मारणार, मागून हत्ती आणि वजीर ए ओळीने उतरणार. पांढऱ्याचा वजीर मात्र ई७ वर, स्वतःच्या राजापासून लांब, पोट भरून बसलेला.

कार्याकिन शेवटपर्यंत लढला हेही मुलांना दाखवा. त्याने एफ प्यादे रेटत रेटत आठव्या रांगेपर्यंत नेले आणि वजीर न घेता घोडा घेतला, कारण एफ८ वरचा वजीर एच७ वरच्या राजाला शह देत नाही, घोडा देतो. बढतीत वजिराऐवजी दुसरे मोहरे घेण्याचे उदाहरण शोधत असाल तर ते इथे आयते आहे. बत्तिसाव्या चालीला एफ८ वर पांढऱ्याचा वजीर काळ्या वजिरासमोर मारायला उभा आहे. किती मुले तो मारतील? आनंदने मारला नाही. मारला असता तर पांढऱ्याकडे दोन हत्ती आणि दोन उंट उरले असते, काळ्याकडे वजीर आणि एक हत्ती. त्याऐवजी ३२ ते ३७ या सहाही चालींत सलग शह दिले आणि राजाला मोकळ्यावर ओढून आणले. समोर वजीर पडलेला असताना हात आवरणे, हा या डावातला सर्वांत कठीण धडा आहे. तो सांगून शिकवता येत नाही. त्या स्थितीवर मुलाला दहा मिनिटे एकटे बसू द्यावे.

महिना संपला की संगणकाला विचारा. लिचेससारखे संकेतस्थळ फुकट आहे, डाव टाकला की इंजिन प्रत्येक चालीची किंमत सांगते. पण तुमची वही आधी भरलेली असली पाहिजे. इंजिन आधी लावणाऱ्या मुलाला आकडे कळतात, कारणे कळत नाहीत, आणि स्पर्धेच्या पटावर आकडे सांगायला कोणी नसते.

नायडॉर्फचा हा डाव नुकत्याच खेळू लागलेल्या मुलाला जड जाईल. ज्याला तीन चाली पुढचे डोक्यात धरता येत नाही, त्याने आधी ई४ ला ई५ हेच उत्तर द्यावे आणि वर्षभर डावपेच सोडवावेत. त्याच्या पुढच्या पायरीवर एक जुना, सोपा डाव आहे. १८३४ मध्ये लंडनला फ्रान्सचा ला बोर्दोने आणि आयर्लंडचा मॅकडॉनेल यांच्यात सामन्यांची मोठी मालिका झाली. त्यातल्या एका सिसिलियनमध्ये ला बोर्दोने काळ्यांनी जिंकला आणि शेवटच्या स्थितीत त्याची तीन प्यादी डी२, ई२ आणि एफ२ वर शेजारी शेजारी उभी होती. पांढऱ्याकडे वजीर असूनही काही करता येईना. सी प्यादे देऊन मधली प्यादी राखायची म्हणजे काय, हे लहान मुलाला त्या एका चित्रातून कळते.

आता प्रत्यक्ष स्पर्धेचे. शालेय आणि जिल्हा पातळीवर तुमच्यासमोर बसलेला मुलगा कार्याकिनसारखा सहाव्या चालीपर्यंत येईलच असे नाही. बऱ्याचदा तो दुसऱ्याच चालीत उंट सी४ वर आणतो, एफ७ वर डोळा ठेवून. घाबरायचे कारण नाही. ई६ खेळा, घोडा एफ६ वर काढा आणि डी५ करा. उंटाला मागे जावे लागते आणि मध्य तुमच्या ताब्यात येतो. दुसऱ्या चालीत सी३ आले तर घोडा एफ६, पांढऱ्याने ई५ केले की घोडा डी५ वर. तिथून त्याला हाकलायला पांढऱ्याला वेळ मोडावा लागतो. दुसरी चाल डी४, तुम्ही मारल्यावर तिसरी सी३, असा प्याद्याचा बळी देणाराही भेटतो. तेव्हाही घोडा एफ६ खेळलात तर डाव आधीच्याच वळणावर येतो आणि दुसरे प्यादे खाण्याचा मोह टळतो. मोह झालाच तर हा सापळा ओळखून ठेवा: सी३ चे प्यादे खाल्ले, पांढऱ्याने घोड्याने परत घेतले, तुम्ही डी६, त्याने उंट सी४, तुम्ही घोडा एफ६, त्याने ई५. आता डी प्याद्याने ई५ मारले की पांढरा उंट एफ७ वर शह देत पडतो, राजाला तो मारावा लागतो आणि डी ओळीवरून वजीर जातो. कितीतरी डाव दहाव्या चालीच्या आत असे संपतात. तिसऱ्या चालीत उंट बी५ वरून शह आला तर उंट डी७ मध्ये घाला, एवढे बस. या चार उत्तरांना एक रविवार द्या. बाकी वेळ आनंदच्या डावाला.

घड्याळाबद्दल. दीर्घ डावात नव्वद मिनिटे आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद असा वेळ अनेक स्पर्धांत असतो. सिसिलियनमध्ये हा वेळ सगळ्या चालींवर सारखा वाटू नका. पहिल्या दहा चाली भरभर खेळा. दोघांची प्यादी एकमेकांच्या राजाकडे निघाली की तिथे पहिल्यांदा दहा मिनिटे काढा. मोहरे देण्याचा विचार मनात आला की दुसऱ्यांदा. स्कोअरशीटवर चालीशेजारी उरलेला वेळ लिहायला नियमांची हरकत नाही, तो लिहीत जा. चाल आधी खेळायची, मग लिहायची, हेही मुलांच्या अंगवळणी पाडा.

आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धा उन्हाळ्याच्या सुटीत असतात आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. अमरावती ते अकोला शंभरेक किलोमीटरचे अंतर, सकाळी नऊच्या फेरीसाठी पहाटे निघणारी मुले दुपारच्या फेरीला पेंगतात. जमल्यास आदल्या रात्री मुक्कामाला जा. दोन फेऱ्यांच्या मध्ये हरलेल्या डावाची चिरफाड करू नका. पाणी, हलके खाणे, सावली. आणि फेरी संपवून मूल बाहेर आले की पालकांनी निकालाआधी स्कोअरशीट हातात घ्यावी.

वऱ्हाडातून मोठे खेळाडू होत नाहीत, ही समजूत जुनी झाली. अमरावतीचा स्वप्नील धोपाडे ग्रँडमास्टर झाला, विदर्भातला पहिला. त्यानंतर नागपूरचे रौनक साधवानी आणि संकल्प गुप्ता आले, आणि नागपूरच्याच दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून भारताची ८८ वी ग्रँडमास्टर होण्याचा मान मिळवला. बडनेऱ्याहून नागपूर काही तासांवर आहे. तिथल्या मुलांना जमले ते इथल्या मुलांना जमणार नाही, असे मानायला काहीच आधार नाही.

शेवटी अमरावती आणि अकोल्याच्या आयोजकांना एक विनंती. नियमांप्रमाणे स्कोअरशीट ही आयोजकांची मालमत्ता असते. स्पर्धा संपल्यावर त्या रद्दीत जाऊ देऊ नका. काळ्यांनी सिसिलियन खेळून जिंकलेले आपल्याच जिल्ह्यातले डाव वेगळे काढा, खेळाडूंची परवानगी घ्या आणि पुढच्या स्पर्धेच्या सभागृहात ते लावून ठेवा. आनंदचा डाव पाहून मूल थक्क होते. शेजारच्या शाळेतल्या मुलीने काळ्यांनी जिंकलेला डाव पाहिला की ते स्वतः खेळायला बसते.